क्रूझर देऊन दुसरी गाडी घेताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचे फोटोही पाहिले. फोटोंवरून मी काही सांगणार नाही. दोन्ही गाड्या देखण्या आहेत. तुझी क्रूझर मोटारसायकल, व्हल्कन एस, एक्सचेंजमध्ये द्यायची आणि कावासाकीचीच झेड ६५० घ्यायची की ट्रायम्फची बॉनव्हिल टी १००, एवढंच तू विचारलंयस. पण मधेच दोन ओळी घाईघाईत लिहून गेलीस: दीड-दोन तासांनी पाठ धरते, आणि पार्किंगमधून गाडी मागे ओढताना दम निघतो. मला त्या दोन ओळींवरच बोलायचंय. कारण तुझ्या यादीतली एक गाडी पहिलं दुखणं घालवेल आणि दुसरं तसंच ठेवील, कदाचित वाढवील.

आधी पाठ. क्रूझरवर पाय पुढे असतात, म्हणून अंगाचं वजन पायांवर घेताच येत नाही. सगळा भार माकडहाडावर. खड्डा दिसला तरी सीटवरून जरा उठायची सोय नाही, धक्का थेट मणक्यात. त्यात वेग वाढला की वारा छातीवर येतो आणि आपण हँडलला लोंबकळल्यासारखे बसतो. स्टँडर्ड, म्हणजे साध्या सरळ बैठकीच्या, गाडीवर पेग (पाय ठेवायचे दांडे) बुडाच्या बरेच खाली येतात, खांदे किंचित पुढे झुकतात. खड्ड्यावर पेगवर जोर देऊन उठता येतं, आणि तोच वारा मग छातीला टेकू देतो. बहुतेकांची पाठ एवढ्यानेच सुटते. बदल्यात गुडघे मात्र जास्त दुमडतात. ते तुला चालतंय का, हे पाच मिनिटं बसून कळत नाही.

आणि हो, विकायच्या आधी एक करून बघ. व्हल्कन एसचे पेग तीन जागी बसवता येतात: मधली जागा, तिच्यापुढे एक इंच आणि मागे एक इंच. तुझे कुठे आहेत ते तुला तरी ठाऊक आहे का? पुढे असतील तर मागे घे (गियर आणि ब्रेकचे पेडल त्याबरोबर जुळवावे लागतात, मेकॅनिककडून करून घे) आणि दोन रविवार चालव. पाठ सुटली तर या पत्रातलं पुढचं वाचायचीही गरज नाही.

नाही सुटली, तर पुढे वाच.

तुझ्या व्हल्कनमध्ये आणि झेडमध्ये मुळात एकच इंजिन आहे, ६४९ सीसीचं, शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचं. व्हल्कनमध्ये ते खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असताना) जोर देईल असं ट्यून केलंय, इतकंच. म्हणजे तुला नवं इंजिन मिळणार नाही, नवी बैठक मिळणार. सीट ७०५ मिलिमीटरवरून ७९०वर जाते, तीन इंचांहून थोडी जास्त. दोन चाकांमधलं अंतर १५७५वरून १४१० मिलिमीटरवर येतं, म्हणजे गाडी साडेसहा इंचांनी आखूड. पुढचं चाक धरणारा फोर्कही बराच उभा. वळणावर व्हल्कनला तू आधी विचारतेस, मग ती वळते. झेड तू नुसतं तिकडे बघितलंस तरी निघते. पहिल्या दिवशी हा चपळपणा जरा अंगावर येतो. त्याला घाबरून नाही म्हणू नकोस, आठवड्यात सवय होते.

आता वजन. इथे लोक फसतात आणि तूही फसायच्या बेतात आहेस. व्हल्कन सव्वादोनशे किलोंच्या वर आहे. टी १००चं पेट्रोलसकट वजन २२८ किलो. म्हणजे ज्या गाडीने तुझा दम निघतो, जवळपास तेवढीच जड गाडी तू घ्यायला निघालीस. वर तिची सीट ७९०वर. सखल गाडीचं वजन दोन्ही टाचा जमिनीत रोवून सावरता येतं. तेच वजन तीन इंच वर गेलं, टाचेऐवजी चवडा टेकला, आणि जमीन जरा उतरती असली, की २२८ किलोंचे अडीचशे वाटायला लागतात. झेड १९०च्या आसपास आहे. हा अडतीस-चाळीस किलोंचा फरक चालताना फारसा कळत नाही, पण उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे घेताना हाडाहाडाला कळतो.

मग टी १०० का घ्यावी? इंजिनासाठी. ९०० सीसी, आणि ८० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, चार हजार आरपीएमच्या आतच हातात येतो. झेडचा टॉर्क ६५च्या आसपास, आणि तोही साडेसहा हजारांच्या पुढेमागे. क्रूझरवाल्या माणसाला याचा अर्थ आकड्यांत नाही, मनगटात कळतो: वरचा गियर, हळू चाललेली गाडी, थ्रॉटल जरा उघडला आणि गाडी कुरकुर न करता निघाली. शिवाय टी १००च्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दोन पिना २७० अंशांवर बसवल्यात, त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत आणि व्ही-ट्विनसारखा (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनासारखा) लंगडा, गोड ठेका येतो. झेडचा क्रँक १८० अंशांचा. तिचा आवाज कामसू आहे, लाडका वाटेल असं नाही.

हे मी उगाच सांगत नाही. माझी पहिली क्रूझर मी एका चार सिलिंडरच्या गाडीवर दिली होती, केवळ शोरूमच्या दारात एकाने थ्रॉटल पिळून दाखवला म्हणून. पहिल्या सिग्नलला गाडी सुटली, मी पाय उचलून सवयीने पुढे टाकला, आणि तिथे पेग नव्हताच. पाय हवेत, मागे उभा रिक्षावाला हसतोय. ते दोन दिवसांत सुधारलं. सुधारली नाही ती माझी मनगटाची सवय. मी खालच्या आरपीएमला जोर शोधायचो, तो वर आठ हजारांत दडलेला. सतत गियर खाली टाक, वर टाक. वर्षाच्या आत गाडी विकली आणि चांगला घाटा खाल्ला. गाडीत काही खोट नव्हती. मी चालवतो कसा हेच मला माहीत नव्हतं.

तुझ्या यादीत एक तिसरी टाक, सुझुकीची एसव्ही ६५०. ६४५ सीसीचं ९० अंशांचं व्ही-ट्विन, सीट ७८५वर, वजन दोनशेच्या आसपास. मधे इंजिन अरुंद असल्यामुळे गाडी मांड्यांमध्ये बारीक लागते आणि पाय सरळ खाली येतो. सीटची उंची कागदावर एक असते, पायाला दुसरीच वाटते. सीटची रुंदी आणि तू बसल्यावर शॉक किती दबतो, यावर ते ठरतं. ठेका हवा आणि वजन नको, असं असेल तर हिला बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नकोस.

टेस्ट राइडला रोजचेच बूट घालून जा. इंजिन चालू करायच्या आधी गाडीवर बसून ती दहा पावलं मागे ढकल, शक्य असेल तर किंचित चढावर. साइड स्टँडवरून सरळ कर, परत टेकव, असं तीनदा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे. मग रस्त्यावर पहिली दहा मिनिटं काहीच मत बनवू नकोस, कारण क्रूझरवरून उतरलेल्याला कुठलीही स्टँडर्ड उंच आणि अधीर वाटते. अर्धा तास मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा माग.

ब्रेकचं मात्र पहिल्या मिनिटापासून लक्षात ठेव. लांब क्रूझरवर वजन मागे असतं, म्हणून मागच्या ब्रेकवर तुझा हक्काचा पाय बसलाय. आखूड गाडीत ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं, आणि तोच जोर दिलास तर ते लॉक होऊ बघतं. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सांभाळून घेईल, पण सवय बदलायला हवी. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू वाढवत.

टी १००ची तारांची चाकं सुंदर दिसतात, पण आत ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक उतरवणं आलं. झेडच्या आणि एसव्हीच्या कास्ट (ओतीव) चाकांत ट्यूबलेस टायर, जागच्या जागी प्लग मारून निघता येतं. एकटी लांब जाणार असशील तर हे छोटं नाही.

एक्सचेंजचा व्यवहार टेस्ट राइडच्या दिवशी करूच नकोस. जुन्या गाडीचे किती आणि नव्या गाडीचे किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घे. 'एवढे भरा आणि गाडी न्या' असा एकच आकडा देतात, त्यात एकीकडे वाढवून दुसरीकडे कापलेलं दिसत नाही. तू लावलेला बॅकरेस्ट, बदललेला सायलेन्सर, याचा शोरूममध्ये सहसा पैसाही मिळत नाही. मूळचे पार्ट परत बसव आणि तुझे वेगळे विक. नवे टायर मात्र विकण्यासाठी म्हणून टाकू नकोस, ते पैसे वसूल होत नाहीत. सर्व्हिसची नोंद आणि दुसरी चावी आत्ताच शोधून ठेव. थेट गिऱ्हाइकाला विकलीस तर बहुधा जास्त येतील, पण अनोळखी माणसं तुझी गाडी फिरवून बघणार, ते तुला सोसेल का बघ.

माझा कौल विचारशील तर आज झेड किंवा एसव्ही, टी १०० नाही. आवडती मात्र मला टी १००च आहे, हेही लपवत नाही. तिन्ही चालवून झाल्या की लिही. कुठली पळते कशी ते नंतर सांग. आधी लिही की इंजिन बंद असताना ती दहा पावलं मागे ढकलताना कुठल्या गाडीने तुला मदत मागायला लावली.

तुझा,
काका