साठ घरांच्या मंडळीत वडील कसे निवडावेत? मतदान घ्यावं की पाळकांनी नेमावेत?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडच्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साठ घरं आहेत, चार वडील (एल्डर, पाळकांबरोबर मंडळीचं काम बघणारे सभासद) निवडायचे आहेत. पाळकसाहेब म्हणतात मी नेमतो, तरुण संघ म्हणतो मतदान घ्या. आणि वडिलांत नेमके कोणते गुण बघायचे, असंही विचारलंय.

गुणांचं काय, बायबलातल्या १ तीमथ्याचा तिसरा अध्याय आणि तीताच्या पत्राचा पहिला तुम्ही वाचलेलाच असणार. दारूबाज नको, पैशाचा लोभी नको, भांडखोर नको, नवशिका नको, घर नीट चालवणारा हवा. ही यादी सगळ्यांना पाठ असते. आमच्याकडं ज्यांना ती सगळ्यात चांगली पाठ होती, त्यांनीच घोळ घातला.

मी सांगलीचा. मंडळीचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

२००४ ची वार्षिक सभा. पाच वडील निवडायचे होते. आमच्याकडं नियम असा की जो प्रभुभोजन घेतो आणि ज्याची वर्गणी चुकती आहे तोच मतदार. सभेच्या आधीच्या आठवड्यात एका गृहस्थानं एका संध्याकाळी चाळीसेक जणांची थकलेली वर्गणी भरून टाकली. पावत्या ज्याच्या त्याच्या नावानं, नोटा मात्र एकाच पाकिटातल्या. शनिवारी रात्री त्याच्या घरी मटणाचं जेवण. रविवारी गेटवर छापील पत्रक हातात, पाच नावं आणि पाच फोटो. साखर कारखान्याच्या निवडणुकीत जे जे बघायला मिळतं ते सगळं झालं, चिन्ह तेवढं राहिलं होतं.

वडीलपणात असं काय ठेवलंय, असं बाहेरच्याला वाटेल. पगार नाही, भत्ता नाही. दानाची थैली फिरवायची, प्रभुभोजनाला पाळकांच्या शेजारी उभं राहायचं, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जायचं. ठेवलंय ते कंपाउंडमध्ये. मिशनऱ्यांनी जागा घेतल्या तेव्हा त्या गावाबाहेर होत्या, आता भर रस्त्याला आल्यात. नुसत्या भक्तीसाठी एवढी चुरस मी तरी कुठं बघितलेली नाही. तुमच्या मंडळीच्या नावावर जागा नसेल तर निम्मी भांडणं होणारच नाहीत, निवांत राहा.

आता आईचं. माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेलं तेच. चौतीस वर्षं सांगली-मिरज बसनं ये-जा केली. दादा, म्हणजे माझे वडील, लवकर गेले. निवृत्तीनंतर तिनं एक लांबट वही केली होती, दुधवाल्याकडं असते तसली. मंडळीत कोण आजारी आहे, कुठल्या म्हातारीला विचारणारं कोणी नाही, कुणाची गोळी कधी संपते, कुणाच्या पोराची फी राहिली, सगळं त्यात. महिला मंडळानं त्या वर्षी वडील म्हणून तिचं नाव सुचवलं. बाईचं नाव पहिल्यांदाच. पाळकसाहेब तयार होते. पॅनेलवाल्यांना ते नको होतं, कारण स्त्रियांच्या बाजूची सगळी मतं तिच्याकडं गेली असती.

पण ते गप्प बसले, कारण त्यांचं काम अण्णांनी केलं. अण्णा माझे थोरले चुलते. निवृत्त शिक्षक, पॅनेलशी देणंघेणं नाही, निवडणुकीचाच तिटकारा. 'देवाच्या घरात मतं कसली मागता' असं म्हणणारा माणूस. ते उठले, शास्त्र (बायबल) उघडलं, १ तीमथ्याच्या त्याच तिसऱ्या अध्यायातलं 'एका स्त्रीचा पती' एवढं वाचलं आणि पुस्तक मिटून म्हणाले, "आई ती आई, वडील ते वडील. आई कधी वडील होते का?"

सगळा हॉल हसला. आईसुद्धा, तोंडाला पदर लावून. माझ्या डोक्यात गेलं ते तिचं हसणं.

मी सत्तावीस वर्षांचा होतो. ताडकन उठलो आणि म्हणालो, "अण्णा, मग पौलालाही वडील करता येणार नाही. त्याला कुठं बायको होती? आणि प्रभू येशूला तरी?" पहिलं वाक्य बरोबर होतं, तिथंच थांबायला हवं होतं. दुसऱ्यानं हॉल गार पडला. 'प्रभूचं नाव चेष्टेत घेतो' म्हणून मागून आवाज सुरू झाले, पुढची वीस मिनिटं विषय माझ्या उद्धटपणाचा झाला. शेवटी आई उठली. "माझं नाव काढा. अण्णा, बसा तुम्ही," एवढंच बोलली. घरी जाताना मला म्हणाली, "तुला माझी बाजू घ्यायची नव्हती. तुला अण्णांना हरवायचं होतं."

पॅनेलचे पाचही निवडून आले.

त्यानंतरच्या हंगामाच्या सणाला दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव जोरात झाला. गुळाच्या ढेपा, हळद, द्राक्षाच्या पेट्या. एक भोपळा घेणारा परत दान करायचा म्हणून पाच वेळा विकला गेला. रक्कम किती जमली ते विचारलं तर 'पुढच्या सभेत सांगू'. ती पुढची सभा अजून यायची आहे.

मग २००५ चा पूर. २०१९ ला कृष्णा त्याच्याही वर चढली, पण तोवर २००५ सारखं पाणी आमच्या पिढीनं बघितलं नव्हतं. मंडळीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून माणसं झोपलेली. मदतीचे डबे, ब्लँकेटं, दूध पावडर आली. नवे वडील वाटपाला उभे राहिले, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की काही घरांत तीन-तीन किट गेलेत आणि मागच्या भिंतीकडच्या दोन म्हाताऱ्यांना एकही नाही. आईनं वही काढली. कुणाशी भांडली नाही, टेबल ओढून दारात बसली आणि नाव वाचून द्यायला लागली. पाच वडिलांपैकी एक तिच्या शेजारी बसून पोती सोडत होता, बाकीचे दिसले नाहीत. अण्णांच्या घरात कमरेएवढं पाणी, तेही हॉलमध्येच होते. त्यांची रक्तदाबाची गोळी कुठली, ते वहीत आधीपासून होतं.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. यरुशलेमेत भांडण अगदी हेच होतं. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी सांगितलं, तुमच्यातूनच सात जण शोधा, आम्ही त्यांना नेमतो. लोकांनी निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. म्हणजे निवडही झाली आणि नेमणूकही. आणि त्या सातांची नावं बघा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर... सगळी ग्रीक. ज्यांची माणसं उपाशी राहत होती, वाटप त्यांच्याच हातात दिलं. तुमच्या साठ घरांत असा कोण सुटतोय ते आधी शोधा. वाडीवरची घरं असतील, मागाहून आलेली असतील, दोन मोठ्या आडनावांत न बसणारी असतील. त्यांच्यातला एक तरी चारांत हवाच.

'सात पुरुष' असंच तिथं लिहिलंय, हे अण्णा लगेच दाखवतात. मी त्यांना रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय दाखवतो, फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. मंडळीतल्या 'सेवक' या पदाला जो ग्रीक शब्द आहे तोच तिला लावलाय. पुढं १ तीमथ्याचाच पाचवा अध्याय, वडील स्त्रियांना आईसारखं मान. म्हणजे आईही असते आणि वडीलही असते, त्याच पत्रात! हे मला सभेत सुचलं असतं तर! सुचलं आठ वर्षांनी. वही-पुस्तक घेऊन अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, "इथं वय सांगितलंय, पद नाही." ते खरंही आहे. मग मी म्हटलं, तुम्ही सभेत वाचलेल्या तिसऱ्या अध्यायात तर 'वडील' हा शब्दच नाही, 'अध्यक्ष' आहे, मग 'आई कधी वडील होते का' ही कोटी कशावर केलीत? त्यावर ते प्रेषितांची कृत्ये विसावर गेले, तिथं इफिसच्या वडिलांनाच पौल अध्यक्ष म्हणतो. काकूनं चहा आणला म्हणून थांबलो.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. केडगावात बसून, मरेपर्यंत ते काम केलं. भाषांतर बाईनं करायचं आणि दानाची थैली फिरवायला मात्र पुरुषच लागतो, हे मला आजही पटत नाही. तुमच्या चार नावांत एकही बाई नसेल तर परत बसा.

आता तुमच्या मतदानाचं. तुमच्या सातारा-वाईकडं काम केलं ते अमेरिकन मराठी मिशननं, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरा, तिथं सभासदांची सभा सगळ्यात वर. आमच्या सांगली-मिरजेकडं प्रेस्बिटेरियन, तिथं वडिलांचं मंडळ कारभार बघतं. १९७० साली नागपुरात या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाट्या बदलल्या, सवयी गेल्या नाहीत. तेव्हा तुमचा तरुण संघ मतदान मागतोय ते काही नवं खूळ नाही, तुमच्या पणजोबांची पद्धत आहे, हे पाळकसाहेबांना नम्रपणे सांगा. पाळकांनी नेमलेले वडील पाळकांना 'नाही' म्हणू शकत नाहीत, आणि 'नाही' म्हणायलाच तर वडील लागतात. पाळक बदलून गेले की नेमलेले चौघे उघड्यावर पडतात, ते वेगळंच.

मतदान घ्या, पण नावं आधी गाळून घ्या. त्याच तिसऱ्या अध्यायात सेवकांची आधी पारख व्हावी असं आहे, ते कुणी वाचत नाही. वर्षभर बघा. उपासना संपल्यावर सतरंज्या कोण गुंडाळतो, दान मोजायला बसलेला चिठ्ठीवर आकडा लिहून सही करतो की तोंडी सांगतो, मयतीच्या घरी तिसऱ्या दिवसानंतर कोण जातं. उमेदवाराच्या बायकोला विचारा, तिच्या नवऱ्यासमोर नको. भाषण चांगलं करतो, प्रार्थना लांबलचक करतो, यावर जाऊ नका. आमचा पाकीटवाला प्रार्थनेत रडायचा. आणि सभेच्या आधी सहा महिन्यांत भरलेली थकबाकी मतदानाला धरायची नाही, एवढा एक ठराव आत्ताच करून ठेवा.

चुरस फारच असेल तर चिठ्ठ्या टाका. हसू नका, यहूदाच्या जागी मत्थिया हा प्रेषित तसाच आला. आधी दोन लायक नावं काढली, मग चिठ्ठी. इजिप्तची कॉप्टिक मंडळी आजही आपला पोप तसाच निवडते. मतदानानं तीन नावं उरतात, मग डोळे बांधलेला लहान मुलगा भांड्यातून एक चिठ्ठी उचलतो. २०१२ साली तवाद्रोस दुसरे असेच आले. मटणाचं जेवण घालून चिठ्ठी वळत नाही. आमच्याकडं मी हे सुचवलं तेव्हा म्हणाले, लॉटरी लावायची का.

दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या मंडळीची घटना असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी ती वाचा. आणि ट्रस्ट असेल, वडिलांबरोबर विश्वस्तही बदलणार असतील, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) द्या, नाहीतर जुनीच नावं कागदावर राहतात आणि पुढची दहा वर्षं वकिलाची सोय होते. शिवाय हे सगळं एका मंडळीच्या अनुभवावरून सांगतोय. पाळकांनी नेमलेले चांगले वडीलही मी बघितलेत, दोन.

आईचं नाव पुढं परत सुचवलं गेलं, ती नाही म्हणाली. वही अजून आहे, आता अक्षर मोठं झालंय. गेल्या निवडणुकीत आमच्याकडं दोन बायका निवडून आल्या, त्यातली एक अण्णांची सून. अण्णा एकोणनव्वदचे आहेत, मतदानाला व्हीलचेअरवरून आले होते. सुनेला मत दिलंत का, असं मी विचारलं.

"मतदान गुप्त असतं," म्हणाले.