एक कॉलनी धर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा दुकानावर आलास तेव्हा महिन्याभराची लाईट-फिटिंगची कामं मोबाइलवर दाखवलीस. सकाळी पिंप्राळा, दुपारी भुसावळ, संध्याकाळी एमआयडीसी, दुसऱ्या दिवशी पाळधी. आणि वर मलाच विचारतोस, काका, नवीन गिऱ्हाईक कुठून आणू? अरे, गिऱ्हाईक आहे तुला, पण ते साऱ्या जिल्ह्यात विखुरलंय. जळगावहून भुसावळला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर पडतात. ते पेट्रोल कोणाच्या बिलात लावलंस?

एक कॉलनी धर. त्या दिवशीही हेच सांगितलं, तू मान डोलावलीस आणि माझ्यासमोरच पाळधीचा फोन घेतलास. म्हणून आता लिहून देतोय.

पत्रकं पेपरात टाकून झाली, त्यावर मी काही बोलत नाही. ते मोबाइलवरून गिऱ्हाईक विकणारे आहेत ना, ते एकच नंबर चौघांना देतात आणि मग तुम्ही चौघं एकमेकांचा भाव पाडत बसता. गूगलवर नाव-पत्ता मात्र नीट भरून ठेव, ते फुकट आहे.

कॉलनी का, ते ऐक. रो-हाउसची एक रांग एकाच बिल्डरने, एकाच वर्षी, एकाच वायरमनकडून करून घेतलेली असते. सगळ्यांना पाणी त्याच जमिनीतलं, बोअरचं. एका घरात क्षाराने गिझरचं एलिमेंट गेलं, की शेजारचंही त्याच वाटेवर असतं. पहिल्या घरात तासभर डोकं लावून जे शोधलंस, ते पुढच्या घरात दहा मिनिटांत सापडतं. मजुरी तीच घे. अक्कल तुझी आहे, तिचे पैसे घ्यायला लाजू नकोस.

आता दारात शिरायचं कसं? अर्थिंग तपासून. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि ते कमजोर पडतं. लोखंडी कूलर पाण्याने भरून चालू होतो तोही नेमका त्याच दिवसांत. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी येतेच. कुठल्याही कामाला गेलास की हातासरशी शंभर वॅटचा साधा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प काढ. आधी फेज आणि न्यूट्रलवर पेटवून दाखव. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थच्या पिनेत घाल. बल्ब मिणमिणला तर घरातल्या बाईला वेगळं समजवावं लागत नाही, ती लगेच शेजारणीला हाक मारते. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर तो पडेल, तेही आधी सांग, नाहीतर म्हणतील पोराने लाईट घालवली. या तपासणीचे पैसे घेऊ नकोस. खड्डा नवीन करायचा असेल, तर त्याचे पुरेपूर घे.

शेजारणीकडेही लगेच जा. उद्या येतो म्हणालास की गेलं ते काम. आणि उद्या दुसऱ्या टोकाला काम घेतलेलं असेल तर तू येणार तरी कसा? एक कॉलनी धर म्हणतो ते याचसाठी.

सामानाचं बिल दुकानदाराकडून गिऱ्हाइकाच्या नावाने करून घे आणि त्याच्या हातात दे. पंपात, वायरीत कमिशन खाणारे खूप आहेत, पण कॉलनीत ते लपत नाही. तिथे सगळं कळतं.

तिथले सणवारही ध्यानात ठेव. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरतं आणि बंद पडलेला दुसरा कूलर आठवतो. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी रंगरंगोटी निघते. रंगाऱ्याने बोर्ड उघडले की त्याच दिवशी जुने स्विच बदलून होतात, पण तू त्या गल्लीत असशील तर. जूनमध्ये भाडेकरू घर बदलतात आणि तुझा नंबर सोबत घेऊन जातात. दुसरी कॉलनी ही अशी मिळते. त्यांनी बोलावलं की जा. तोवर जाऊ नकोस.

तू म्हणशील, काका तर आयुष्यभर दोन कॉलन्यांतच राहिले. राहिलो! माझा जोडीदार नाशिकला गेला, त्याच्या हाताखाली आज माणसं आहेत, गाड्या आहेत. इथे आला की म्हणतो, ‘काय भो, अजून शिडी खांद्यावरच?’ वाईट वाटतं रे. मलाही मोठा बोर्ड लावायचा होता. पण ज्या पोरांच्या खोलीत मी पंखे बसवले, ती आता पुण्यात नोकरीला आहेत आणि म्हातारे आईबाप इथे एकटे. लाईट गेली तर ती पोरं तिकडून मला फोन लावतात. पैसे लगेच मोबाइलवर येतात, भावाची घासाघीस नाही. दोन घरांच्या किल्ल्या माझ्या दुकानात टांगलेल्या आहेत. नाशिकच्या त्या गाड्यांना कोणी किल्ली देत असेल, असं मला वाटत नाही. जाऊ दे. विषय तुझा आहे.

भुसावळची, पाळधीची गिऱ्हाइकं तिथल्याच चांगल्या पोराला देऊन टाक. तोडू नकोस, नीट फोन करून त्याचा नंबर दे.

फेब्रुवारी सरत आला. होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतात आणि मग प्रत्येकाला आजच्या आज हवा असतो. तुझ्या कॉलनीतल्या प्रत्येक घरचा कूलर किती फुटी, पॅड गवताचे की हनीकोंब, पंप कधी बदलला, हे वहीत लिही. पॅड, पंप, कंडेन्सर आत्ताच भरून ठेव. पैसे कमी पडले तर सामानाच्या दुकानात माझं नाव सांग, मी शेठशी बोलून ठेवतो. उधारी मात्र अक्षय तृतीयेच्या आत फेड.

तुझा,
काका