झोप वाढवल्याने खेळात खरंच फरक पडतो का? (हॉस्टेल, पहाटेचं ग्राउंड, कबड्डी)

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वय १९, कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये आहेस, हॉस्टेलला राहतोस, पहाटे साडेपाचला ग्राउंड आणि रात्री एक-दीडशिवाय झोप नाही, तीन आठवडे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखतंय, सर म्हणतात झोप वाढव आणि मित्र म्हणतात सप्लिमेंट चालू कर, तर झोपेने खरंच एवढा फरक पडतो का. पडतो भावा. मी कोच नाही की डॉक्टर नाही, कॉलेजकडून तीन वर्षं खो-खो खेळलोय आणि त्यातली पहिली दोन झोपेची पार वाट लावून घालवलीत, म्हणून लिहितोय. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

आमचं पण तेच होतं. मेसमधून जेवून आलं की गप्पा, मग सबमिशन, मग मोबाईल, दीड कधी वाजायचा कळायचं नाही आणि पाचला अलार्म. गंमत अशी की राऊंड मारताना काहीच जाणवायचं नाही, एकदा अंग गरम झालं की वाटतं आपण एकदम ओके आहोत. कळायचं ते पाटीवर बसल्यावर. मागून खो आला की उठायला जरासा उशीर, आणि खो-खोत जरासा म्हणजे पळणारा हातातून गेलाच. दुसऱ्या वर्षी एका मॅचला सूर मारताना अंदाज वीतभर चुकला, गडी निसटला आणि माझा खांदा असा आपटला की दोन महिने बसून काढले. झोपेमुळेच झालं असं छातीठोक नाही सांगणार, पण त्या अख्ख्या आठवड्यात एकही रात्र चार तासांच्या वर झोपलो नव्हतो हे मात्र नक्की.

त्या दोन महिन्यांत माझं लक्ष रूममेटकडे गेलं. कोल्हापूरकडचा पैलवान गडी, लहानपणापासून तालमीत वाढलेला. आम्ही लाईट लावून दंगा करत असायचो आणि हा साडेनऊला डोळ्यांवर गमछा टाकून घोरायला लागायचा, दुपारी जेवला की परत आडवा. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. पण तालमीत दिवस तसाच असतो, पहाटे उठून मेहनत, मग खुराक, दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मातीत, झोप हा तिथे आळस नाही तर मेहनतीचाच भाग धरतात. मी त्याला विचारलं की एवढी झोप येते तरी कशी, तर म्हणाला, येत नाही, घ्यावी लागते.

आता अभ्यासाचं बोलू, कारण नुसत्या माझ्या गोष्टीवर विश्वास का ठेवशील. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह नावाच्या संशोधिकेने तिथल्या बास्केटबॉल टीमच्या ११ मुलांवर प्रयोग केला, २०११ मध्ये छापून आला. आधी काही आठवडे पोरं नेहमीसारखी झोपली, म्हणजे साधारण पावणेसात तास, आणि मग पाच ते सात आठवडे त्यांना रोज किमान १० तास अंथरुणात राहायला सांगितलं. प्रत्यक्ष झोप सरासरी पावणेदोन-दोन तासांनी वाढली. तेवढ्यावर २८२ फुटांची स्प्रिंट १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रो १० पैकी सरासरी ७.९ बसायचे ते ८.८ बसायला लागले, तीन पॉइंटवाले शॉट १५ पैकी १०.२ वरून ११.६, आणि रिअ‍ॅक्शन टाईम पण सुधारला. पावणेसात तास झोपणारी पोरं होती ती, तुझ्यासारखी साडेतीनवाली नाही!

पण आंधळा विश्वास ठेवू नको. पोरं ११ च होती, आणि झोप न वाढवलेली दुसरी टीम तुलनेला नव्हती, त्यामुळे सीझनभर प्रॅक्टिस करून सुधारले असतील असंही कुणी म्हणू शकतं. तरी टेनिसमध्ये पण तसंच काहीसं दिसलंय, कॉलेजच्या खेळाडूंनी आठवडाभर झोप वाढवली तर सर्व्हिसची अचूकता साधारण ३६ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांच्या आसपास गेली. कबड्डीत तुला बॉल नेमका टाकायचा नाहीये हे मान्य, पण बोनस मारताना पाय किती पुढे टाकायचा आणि मागून कोपरारक्षक कधी उठला हे कळणं शेवटी डोळ्यांचं, डोक्याचंच काम ना.

रिकव्हरीचं म्हणशील तर तुझा खरा घोळ तिथेच दिसतोय. ग्राउंडवर स्नायू मोडतात, त्यांची डागडुजी नंतर होते, आणि तिला मदत करणारं ग्रोथ हार्मोन मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत सुटतं, ही गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. शिकागोला १० तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन (स्नायू आणि ताकदीला लागणारं पुरुषी हार्मोन) १० ते १५ टक्क्यांनी घसरलं होतं, हे पण २०११ चंच. आणि तुझे मित्र तुला कसला डबा घ्यायला सांगतायत? तीन-चार हजारांची पावडर घेऊन दीडला झोपणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. दुखापतीचं पण आहे, अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंमध्ये २०१४ ला बघितलं तर आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट जास्त निघाली.

आता करायचं काय. पहाटेचं ग्राउंड काही हलणार नाही, आपल्याकडचं ऊन बघता हलूही नये, म्हणजे उठायची वेळ फिक्स, सरकवायचं ते झोपायच्या वेळेला. पण आजच साडेनऊला पडलास तर नुसता छताकडे बघत बसशील, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी वीस-वीस मिनिटं अलीकडे घे, दहापर्यंत आलास तरी सात तास हातात येतात, वर दुपारी जेवणानंतर २०-३० मिनिटं डुलकी. चारनंतर नको, नाहीतर रात्रीचं गणित बिघडतं. मी चार्जर दाराजवळच्या प्लगला लावायचो, मोबाईल बघायला उठून जावं लागायचं, आणि दमलेला माणूस उठत नाही. लाईट चालू असली तर गमछा, डास असले तर मच्छरदाणी, हॉस्टेलवाले हसतील, हसू दे.

संध्याकाळच्या सेशनआधी प्री-वर्कआऊट (व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती पावडर) घेत असशील तर डब्यावर कॅफीन किती आहे ते बघ, कारण पाचेक तासांनी सुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं, सहाला घेतलेलं अकरा वाजता तुला जागं ठेवतंय आणि तू म्हणतोयस झोप येत नाही. मेसचा रात्रीचा चहा पण त्यातच धर. आणि रविवारी अकरापर्यंत लोळायचं बंद, मी ते करायचो आणि सोमवारी पहाटे अंग असं जड व्हायचं की जणू रात्रभर एसटीत उभा राहून आलोय. थकवा भरून काढायचाच असेल तर रविवारी दुपारी झोप.

मॅचच्या आदल्या रात्री झोप नाही आली तर घाबरू नको, कुणालाच धड येत नाही, त्याआधीचा आठवडा नीट झोपलेला असलास तर एका रात्रीने फार बिघडत नाही. सबमिशनच्या आठवड्यात हे सगळं कोलमडणार, ते पण धरून चाल, माझं प्रत्येक सेमिस्टरला कोलमडायचं. फरक दिसायला मला महिना लागला, आणि तो वेगात नाही तर आधी चिडचिड कमी होण्यात दिसला, मग पाटीवर. खांदा मात्र आजही थंडीत दुखतो.

सप्लिमेंटचं सहा आठवड्यांनी बघ. हॅमस्ट्रिंगला मात्र तेवढं थांबू नको, तीन आठवडे दुखणारी गोष्ट नुसती झोपून जात नाही, या आठवड्यातच फिजिओला दाखव, आणि तोवर चढाई दुसऱ्या कुणाला तरी करू दे.