तुझं परीक्षण तू वाच

प्रश्न: ताई, मी ३३ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे. चौथं वर्ष संपत आलंय. मुलगा तीन वर्षांचा. सासूबाई त्याला प्रेमानं सांभाळतात, यजमानांनी कधीच अडवलं नाही. गाईड मात्र चारचौघांत म्हणतात, ‘मॅडम, तुम्हाला संसारातून वेळ निघतोय कुठं?’ बरोबरची मुलं पुढं गेली. गणपतीत माझा पहिला संशोधनाचा पेपर जर्नलकडून नापास होऊन आला. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठी दुरुस्ती हवी म्हणे, लेमा ३ ची (मुख्य प्रमेयासाठी लागणाऱ्या छोट्या प्रमेयाची) सिद्धता अपुरी आहे. यजमानांनीच मेल वाचून सांगितलं, मी तो उघडलाच नाही. आता संक्रांतीची गड्ड्याची जत्राही झाली. वाटतं, सगळं सोडून शाळेत नोकरी धरावी. मी गणितासाठी कमी पडते का?

उत्तर: गाईडचं वाक्य वाईटच आहे. त्यांना एवढंच ऐकव की मंगला नारळीकरांनी घर आणि मुली सांभाळत १९८१ मध्ये गणितात पीएचडी मिळवली. यापेक्षा जास्त वेळ मी त्यांना देणार नाही. मी अडले ती तुझ्या अर्ध्या ओळीपाशी. ‘यजमानांनीच मेल वाचून सांगितलं.’

अगं, पेपर तुझा, लेमा तुझा, रात्री जागून लिहिलेली सिद्धता तुझी. त्यावर एका अनोळखी गणितज्ञानं वेळ काढून परीक्षण लिहिलं आणि चार महिन्यांत तू ते एकदाही वाचलं नाहीस? यजमान गणितातले असते तर तू तसं लिहिलं असतंस. बायकोला त्रास नको म्हणून एका भल्या माणसानं मेल उघडला, त्यातले दोन शब्द सांगितले आणि तू त्यालाच निकाल समजलीस. त्यांचा चांगुलपणा मला मान्य आहे, पण या कामात तोच तुझ्या आड आलाय. मेलचा पासवर्ड बदल.

आणि मेजर रिव्हिजन म्हणजे नापास नव्हे, बाई. नाकारायचं असतं तर संपादकांनी सरळ नाकारलं असतं. रेफरी, म्हणजे पेपर तपासणारा गणितज्ञ, लेमा ३ पाशी थांबला, याचा अर्थ कुणीतरी तुझं गणित पेन्सिल घेऊन वाचलंय. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सनं १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तीही तपासणीत अपुरी निघाली. ती पुरी व्हायला सप्टेंबर १९९४ उजाडला.

फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेनचं तर तुला सांगायलाच हवं. बाईला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून तिथल्या व्याख्यानांच्या वह्या मिळवून, पुरुषाचं नाव घेऊन ती शिकली. कंप पावणाऱ्या पत्र्याचं गणित मांडायला पॅरिसच्या अकादमीनं बक्षीस लावलं, तेव्हा १८११ मध्ये एकच निबंध आला. तिचा. परीक्षकांनी चूक काढली, बक्षीस दिलं नाही. परीक्षकांत गणितज्ञ लाग्रांज होते, त्यांनी समीकरण दुरुस्त केलं. ते दुरुस्त समीकरण घेऊन ती पुन्हा कामाला बसली. १८१३ मध्ये नुसता सन्माननीय उल्लेख मिळाला. तिसरा निबंध दिला, १८१६ मध्ये बक्षीस तिचं झालं, आणि त्या निबंधातही परीक्षकांना उणिवा दिसल्याच होत्या. ती धीराची होती हे खरं, पण मला तिचं मोठेपण वेगळ्या जागी दिसतं. आपली चूक कुठं आहे, हे तिनं नीट समजून घेतलं. तू अजून ते केलेलंच नाहीस. म्हणून ‘मी कमी पडते का’ याचं उत्तर मी देत नाही. परीक्षण न वाचता ते तुलाही देता येणार नाही.

वेळ संपतेय या भीतीनंही पळू नकोस. पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत बाईमाणसाला आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. विद्यापीठात जाऊन तुझ्या नोंदणीला काय लागू होतं ते लेखी विचारून घे.

पण ते सोमवारी. रविवारी सकाळी परीक्षणाची प्रिंट काढ. रात्री सगळे झोपल्यावर नको, दिवसाउजेडी. सासूबाईंना सांग, जेवणापर्यंत मला हाक मारू नका. दार लाव. रेफरीचा एकेक आक्षेप वहीत उतरव आणि खाली तुझं उत्तर लिही. लेमा ३ खरंच फसला असेल तर एखादी अट वाढव, नाहीतर प्रमेयाचा दावा आखूड कर, आणि तसं रेफरीला स्पष्ट कळव. गाईडना दाखवायचं ते हे लिहून झाल्यावर.

आज मात्र संपादकांना दोन ओळी पाठव: उशीर झाला, दुरुस्ती करते आहे, मुदत वाढवून मिळेल का? ते म्हणाले नव्यानं पाठवा, तर नव्यानं पाठव. मेल पाठवण्याआधी तो घरात कुणाला वाचायला देऊ नकोस.