गालबोट: लावतात ते आणि लागतं ते

खानापूरहून एका ताईंनी विचारलं आहे: "विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांची बाचाबाची झाली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'मिरवणुकीला गालबोट' असं छापून आलं. माझी सून गोकाककडची, कानडी घरातली. मराठी तिला चांगलं कळतं. ती म्हणाली, 'अत्ती, गालबोट तर आपण बाळाला रोज आंघोळ झाली की लावतो. त्यानं बाळाचं भलं होतं म्हणता. मग मिरवणुकीला ते लागलं तर वाईट कसं?' मला उत्तर देता आलं नाही. पेपरवाल्यांचं चुकतंय का?"

ताई, पेपरवाल्यांचं चुकत नाही, आणि सूनबाईंची शंकाही अगदी रास्त आहे. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण हा शब्द दोन्ही अर्थांनी आपल्या कानांवर इतका पडलेला असतो की त्यातली विसंगती ऐकूच येत नाही.

आधी शब्द उघडून बघू. यातलं 'बोट' हाताचं नव्हे. बोटाने जे लावलं त्यालाही मराठीत बोटच म्हणतात. कुंकवाचं बोट, हळदीचं बोट, देवघराच्या भिंतीवर ओढलेली पाच बोटं, आणि कुणाला आशेला लावायचं तर मधाचं बोट. तसं गालावर टेकवलेलं काजळाचं बोट ते गालबोट. शब्द नपुंसकलिंगी, ते गालबोट. कपाळावर लावली तर बहुतेक घरांत तिला 'तीट' म्हणतात.

तुमच्या सूनबाईंच्या भाषेत याला 'दृष्टिबोट्टु' म्हणतात. कानडीत बोट्टु म्हणजे ठिपका, कपाळावरचा टिळा. आणि 'बोट्टु माडु' म्हणजे बोट दाखवणं. इकडे बोट, तिकडे बोट्टु, आणि दोन्हींकडे बोट आणि ठिपका हे अर्थ एकमेकांना चिकटलेले. आपल्या बेळगावच्या सीमाभागात दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे अशी जोडी सापडली की मला फार आनंद होतो. केवळ एवढ्या साम्यावरून कुणाचा शब्द कुणी घेतला हे ठरवू नये, पण तुमच्या घरात सासू आणि सून एकाच बाळाच्या गालावर एकच ठिपका लावताना जवळजवळ एकच शब्द उच्चारतात, हे मात्र खरं.

आता तो ठिपका कशासाठी? माझी आज्जी दिव्यावर पितळी वाटी पालथी घालून काजळ धरायची, ते तुपात खलायची आणि नातवंडाच्या गालावर मुद्दाम एका बाजूला, वाकडातिकडा ठिपका द्यायची. मधोमध आणि गोल दिला तर तो शृंगार झाला असता. गालबोट शोभेचं नसतं. सगळं निर्व्यंग दिसलं की दृष्ट लागते, ही त्यामागची समजूत. म्हणून आपणच आधी एक व्यंग करून ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. बोहल्यावर जाणाऱ्या नवरदेवालाही गालबोट लावतात ते याच कारणाने. नव्या घराच्या बांधकामावर टांगलेली काळी बाहुली किंवा बुजगावणं, ट्रकच्या मागे बांधलेलं जुनं पायताण, ही सगळी त्या ठिपक्याचीच मोठी भावंडं.

हाच विचार नावांतही उतरलेला आहे, आणि सीमाभागात तर तो दोन भाषांत वाचता येतो. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पुढच्या मुलाचं नाव धोंडू, दगडू, केरबा, भिकू असं ठेवत. केरातलं पोर कोण नेणार? मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणत, म्हणजे हा मुलगा आहे हेच मुळी कळू नये. कानडीत 'तिप्पे' म्हणजे उकिरडा. त्यावरून तिप्पण्णा, तिप्पव्वा. आपल्याकडे मराठी घरांतूनही तिप्पाण्णा सापडतात आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या नावातला उकिरडा माहीतही नसतो. कल्लाप्पाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. 'कल्लु' म्हणजे दगड हे खरं, पण कल्मेश्वराच्या नावावरूनही कल्लाप्पा होतो. सगळे कल्लाप्पा दगडू नव्हेत.

ही युक्ती आपल्यापुरती नाही. मंगोलियात मुलांची नावं आहेत 'नेरगुई' म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे, 'खुनबिश' म्हणजे माणूस नव्हे. भुताने दारात येऊन विचारलंच, तर घरच्यांनी खोटं न बोलता सांगावं, 'माणूस नव्हे' आत आहे! तिथे रात्री बाळाला बाहेर न्यायचं झालं तर कपाळावर काजळीची खूण करतात, म्हणजे हे माणसाचं पोर नसून ससा आहे असं भुतांना वाटावं. जपानमध्ये बाळाला पहिल्यांदा देवळात नेताना कपाळावर भांड्याच्या काजळीने किंवा कुंकवासारख्या तांबड्या रंगाने फुली काढायची किंवा 'कुत्रा' हे अक्षर लिहायची जुनी रीत आहे. कोरियात लाडक्या पोराला 'गेत्तोंगी' म्हणत, म्हणजे कुत्र्याची विष्ठा. चीनच्या खेड्यांत 'गोउशेंग', म्हणजे कुत्र्याने खाऊन उरलेलं. बेळगुंदीची माझी आज्जी आणि मंगोलियातली आज्जी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, तरी काजळीचं बोट दोघींनी उचललं.

या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: भूत शब्दावर विश्वास ठेवतं. १९९० च्या दशकात कर्नाटकात लोकांनी दारांवर 'नाळे बा' लिहिलं, म्हणजे 'उद्या ये', तेही याच भरवशावर. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणारी हडळ ते वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते.

तुमच्या सूनबाईंच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उदाहरण मात्र थायलंडचं आहे. तिथे जुन्या म्हणीप्रमाणे मूल तीन दिवस भुताचं आणि चौथ्या दिवशी माणसाचं. नवजात बाळाला सुपात ठेवून हलवायची रीत तिथेही होती. बाळाला 'किती गोड' म्हणायचं नाही, भूत ऐकेल. म्हणून म्हणायचं 'नाक्लियट नाचांग', शब्दशः किळसवाणं, तिरस्कार वाटावा असं. पिढ्यानुपिढ्या हे इतक्या मायेने म्हटलं गेलं की आज बाळाबद्दल हे शब्द वापरले तर ते कौतुकच असतं. वाईट शब्द वापरून वापरून गोड झाले.

गालबोटाचं नेमकं उलट झालं. चांगल्या हेतूचा ठिपका वाईट अर्थाला गेला, आणि त्याचं कारण मला क्रियापदात दिसतं. आपण बाळाला गालबोट 'लावतो'. लावणारा माणूस आहे, त्याचा हेतू आहे, माया आहे. मिरवणुकीला गालबोट 'लागतं'. आता लावणारा नाहीसा झाला आणि उरला फक्त डाग. मराठीत जे आपल्या इच्छेविरुद्ध येऊन चिकटतं ते 'लागतं': दृष्ट लागते, नाट लागतो, बट्टा लागतो, ठेच लागते, भूत लागतं. झपाटलेल्याला 'लागीर झालं' म्हणतात ते याच 'लागणे'चं. गालबोट 'लावणे'च्या घरातून निघून 'लागणे'च्या घरात गेलं आणि तिथल्या मंडळींसारखं झालं. गंमत अशी की जी दृष्ट लागू नये म्हणून ते लावत होते, तिच्याच शेजारी ते जाऊन बसलं.

तरी जुना अर्थ पुरता पुसला गेलेला नाही, आणि म्हणूनच हा शब्द मोलाचा आहे. गालबोट लागायला आधी गाल लागतो, तोही गोरागोमटा, साजरा. मूळ गोष्ट देखणी आणि डाग लहान, असं असेल तरच गालबोट. रात्रभर चाललेल्या आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कुठे ढकलाढकली झाली आणि पुन्हा ढोल सुरू झाले, तर ते गालबोट. बिनविरोध चाललेल्या सभेत एकाने खुर्ची आपटली, तेही गालबोट.

पण यात्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली आणि मथळा आला 'यात्रेला गालबोट', तर ते मला सहन होत नाही. तिथे माणसांचं मरण हा ठिपका ठरतो आणि यात्रेची शोभा हा मुखडा. ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही त्यांनी तो मथळा कसा वाचावा? तिथे 'यात्रेत दुर्घटना' म्हणावं, 'गावावर शोककळा' म्हणावं. दंगल, खून, बलात्कार यांनाही गालबोट म्हणू नये. तुम्ही पाहिलेल्या मथळ्यात बाचाबाचीच होती, तेव्हा तिथे शब्द बरोबर बसला आहे.

तेव्हा सूनबाईंना सांगा, बाळाला लावतात आणि मिरवणुकीला लागतं. आणि माझ्यासाठी त्यांना एक विचारा: त्यांच्या माहेरी बाळाला लाडाने म्हणायचा एखादा उलटा, रागाचा वाटणारा कानडी शब्द आहे का? असेल तर जसा बोलतात तसाच देवनागरीत लिहून पाठवा.