वाचकांचे प्रश्न : घराभोवतीच्या फेरफटक्यात

पावसाळा सरून सकाळ-संध्याकाळ पायी फिरणाऱ्यांची संख्या वाढली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रे आपापल्या गल्लीत, वेशीपाशी किंवा कॉलनीच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या गोष्टींविषयी आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावातील जुन्या गल्लीतून मी रोज फिरायला जातो. जुन्या घरांच्या काळ्या दगडी भिंतींत काही दगड भरीव व गुळगुळीत आहेत, तर काहींना बारीक भोके असून त्यांत पांढरे, चमकणारे खडे बसलेले दिसतात. एकाच शिवारातल्या दगडांत हा फरक का? याच गल्लीतील एका बंद घराच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने पोट सुटले आहे. त्यापासून धोका आहे का? — एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. धोका आहे. त्या भिंतीच्या कडेने चालणे आजपासून सोडावे, मुलांना तिच्या सावलीत खेळू देऊ नये आणि घरमालक गावात राहत नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.

आता कारण पाहू. आपल्याकडची जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसत असली, तरी ती बहुधा दोन भिंतींची मिळून बनलेली असते. रस्त्याकडची एक पडदी, घराकडची दुसरी पडदी आणि दोहोंच्या मध्ये दगडांचे तुकडे व माती, अशी तिची रचना असते. कसबी गवंडी या दोन पडद्यांना बांधून ठेवण्यासाठी ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवीत असत. पण असे दगड घडवणे खर्चाचे असल्यामुळे साध्या घरांत ते क्वचितच आढळतात. पागोळ्यांचे किंवा मोरीचे पाणी मधल्या मातीत मुरू लागले, की ती माती खाली बसते, बाजूंना रेटा देते आणि बाहेरची पडदी हळूहळू फुगते. अशा भिंतीच्या डोक्यावर माळवद असले, तर परिस्थिती आणखी बिकट होते. तुळया, त्यांवर किलचण (फळकुटांचा थर), त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, असे माळवदाचे छत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवते खरे. परंतु गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी दर वर्षी वर माती टाकण्याच्या रिवाजामुळे पिढ्यांमागून पिढ्या त्याचे वजन वाढत जाते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र संपत असताना, किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगावली ती प्रामुख्याने याच दोन गोष्टींमुळे, म्हणजे न बांधलेल्या दुहेरी भिंती आणि डोक्यावरची जड माती यांमुळे. ज्या घरांत छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर व तुळयांवर होता, त्यांपैकी काहींच्या भिंती कोसळूनही खण उभे राहिले, ही गोष्ट त्या भागातील वयस्कर माणसे अजूनही सांगतात. त्यानंतर जुन्या घरांच्या बळकटीसाठी जे उपाय सुचवले गेले, ते आजही लागू आहेत. छतावरची जादा माती उतरवावी, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरके आधार द्यावेत आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावे, म्हणजे दोन पडद्या एकमेकींना बांधल्या जातात. मात्र हे काम भिंत सरळ असताना करायचे असते. पोट सुटलेली भिंत टेकू देऊन, जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली उतरवून पुन्हा बांधणे हेच बरे. वरून सिमेंटचा गिलावा करून तो फुगवटा झाकून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी मला काही चांगले म्हणता येत नाही. गिलाव्यामुळे आतली ओल आतच कोंडली जाते आणि भिंतीतली तडही दिसेनाशी होते.

आता दगडांविषयी. धाराशिवपासून अजिंठ्यापर्यंतचा आपला जवळजवळ सगळा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. हे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थर थंड होत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढले आणि पृष्ठभाग घट्ट होऊ लागल्यामुळे तेथेच अडकले. म्हणून एकाच थराचा वरचा भाग भोकांचा, तर मधला भाग भरीव असतो. आपल्या गावच्या खाणीत किंवा जुन्या विहिरीच्या कडेला उभे राहून पाहिले, तर हे दोन्ही भाग एकाखाली एक दिसू शकतील. भरीव दगड घडवायला चांगला, म्हणून तो चौकटीखाली, कोपऱ्यांना आणि देवळांना वापरला गेला. भोकांचा दगड भिंतीच्या पोटात गेला. पुढे लाखो वर्षे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजे आणून साठवली, तेच आपण पाहिलेले पांढरे खडे. त्यांत कॅल्साइट, गारगोटी आणि झिओलाइट गटातील खनिजे असतात. गल्लीत पडलेला एखादा सुटा तुकडा मिळाला, तर ओळख घरीच पटवता येते. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठत नसेल आणि उलट त्या खड्यानेच काचेवर चरा पडत असेल, तर ती गारगोटी होय. ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बारीक बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. ओरखडा उठूनही बुडबुडे आले नाहीत, तर बहुधा झिओलाइट. भिंतीतले खडे मात्र कृपया उकरू नयेत.

प्रश्न : आमच्या कॉलनीत जवळपास प्रत्येक फाटकापुढे लाल किंवा निळ्या पाण्याने भरलेली बाटली ठेवलेली असते. त्यामुळे कुत्री दारात घाण करीत नाहीत असे म्हणतात. यात तथ्य आहे का? — एक वाचक, परभणी (याच आशयाची पत्रे लातूर आणि जालना येथूनही आली आहेत.)

उत्तर : तथ्य नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्याला निळा आणि पिवळा हे रंग वेगळे दिसतात; लाल रंग मात्र मळकट, करडा-तपकिरी दिसतो. म्हणजे कुंकू कालवलेल्या बाटलीचा लालभडकपणा ज्याच्यासाठी मांडला, त्याला तो दिसतच नाही. निळी बाटली दिसते, पण दिसलेल्या वस्तूला भ्यावे असे तिच्यात काही नसते. कुत्रा जागा निवडतो ती प्रामुख्याने वासावरून, आणि जेथे आधीच्या कुत्र्याची खूण आहे तेथेच पुन्हा येतो. त्यामुळे ती जागा साबणाच्या पाण्याने घासून धुणे हा उपाय बाटलीपेक्षा अधिक उपयोगी आहे. धुतल्यानंतर बाटली ठेवली आणि कुत्रे आले नाही, तर श्रेय बाटलीला मिळते, इतकेच.

बाटलीला झाकण असेल तर ती निरुपद्रवी आहे. उघडी असेल तर मात्र तिच्या साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालू शकतो, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आपल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या, पिंपे आणि हौद भरून ठेवावेच लागतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा जो सल्ला आरोग्य कर्मचारी देतात, तो पाळताना दारापुढच्या बाटलीचीही आठवण ठेवावी.

प्रश्न : रात्री फिरताना कोपऱ्यावरच्या डीपीतून सतत घुमणारा आवाज येतो. काही बिघाड असावा का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : एकसारखा, खर्जातला आवाज हा बिघाड नव्हे. आपल्याकडे वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात डीपीच्या रोहित्रातील (ट्रान्सफॉर्मरमधील) लोखंडी पत्रे दोनदा अत्यंत सूक्ष्म प्रमाणात ताणले जाऊन पूर्ववत होतात आणि सेकंदाला १०० कंपनांचा हा सूर उमटतो. दिवसाही तो असतोच, पण रहदारीत ऐकू येत नाही. चरचर किंवा तडतड ऐकू आली, ठिणगी दिसली अथवा खाली तेल ठिबकलेले आढळले, तर मात्र लांबूनच महावितरणला कळवावे. धुक्यात आणि पहिल्या पावसात चिनी मातीच्या चिमण्यांवर (तारांखालच्या विद्युतरोधकांवर) साचलेली धूळ ओली झाल्यामुळे अशी चरचर बऱ्याचदा होते.

प्रश्न : रस्त्याकडेच्या कडुनिंबांना खाली चुना व गेरू का लावतात? आमच्या रस्त्यावरील काही झाडांवर मातीचे पापुद्रे चढले आहेत. ती वाळवी झाड मारील का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा मुख्य उपयोग रात्रीच्या वाहनचालकाला खोड दिसावे हा आहे. चुन्यामुळे ऊन परावर्तित होऊन कोवळी साल तडकण्याचे प्रमाण कमी होते, हा दुसरा फायदा. वाळवी मात्र जमिनीखालून येते आणि चुन्याचा पट्टा तिला फारशी अडवत नाही. मातीच्या त्या पापुद्र्याखाली ती बहुतेक वेळा सालीचा मेलेला, वाळलेला थर खात असते. जिवंत लाकडाला सहसा हात लावत नाही. पापुद्रा काठीने खरवडावा, खोडावर टकटक करून पाहावे. आवाज भरीव आला तर चिंता नाही, पोकळ आला तर नगरपालिका किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला दाखवावे.

वाचकांनी वाळवीपेक्षा वेगळ्या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. बुंध्याला भिडवून बसवलेले पेव्हर ब्लॉक किंवा ओतलेले काँक्रीट, लहानपणी लावलेला आणि आता खोडात रुतत चाललेला लोखंडी पिंजरा, आणि शिकवणी वर्गांच्या पाट्या ठोकण्यासाठी मारलेले खिळे. झाडाचे अन्न वाहून नेणारा थर सालीच्या लगेच खाली असतो. पिंजऱ्याची कडी तो सगळीकडून आवळते आणि खालची मुळे उपाशी पडतात. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट यांमुळे मुळांना पाणी व हवा मिळत नाही. राज्यातील नागरी भागांसाठी १९७५ सालचा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत छायाचित्र आणि जवळच्या खांबाचा क्रमांक द्यावा, म्हणजे झाड सापडले नाही हे उत्तर येणार नाही.

प्रश्न : आमच्या वस्तीत घरांच्या दाटीत एक जुना, चौकोनी, विटा-चुन्याचा मनोरा उभा आहे. त्याला दार नाही, जिना नाही. तो कशाचा? त्यावर पिंपळ उगवला असून दर वर्षी छाटला तरी पुन्हा येतो. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून तो जुन्या नहरीचा, म्हणजे भुयारी जलवाहिनीचा, मनोरा असावा. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसवले आणि उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी भुयारी वाटेने शहरात आणले. पुढील काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीच्या उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी त्यांपैकीच एका नहरीचे. बंद नळातून उताराने येणाऱ्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि खापरी नळ तो फार सोसू शकत नाहीत. म्हणून वाटेत मनोरे उभारून पाणी एका बाजूने वर चढू द्यायचे, तेथे अडकलेली हवा बाहेर पडू द्यायची, दाब उतरला की दुसऱ्या बाजूने खाली सोडायचे, अशी योजना होती. माणसाने आत जावे यासाठी तो बांधलेलाच नसल्यामुळे दार आणि जिना नाही. मनोऱ्याचा माथा उगमाच्या पातळीच्या हिशेबाने ठरवावा लागे. अंतर काही किलोमीटरचे आणि साधने साधी, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कारागिरांच्या मोजमापाचे कौतुक वाटते. दरवाजांच्या शहराला दरवाजांचा अभिमान आहे. मनोऱ्यांच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही आलेला नाही.

पिंपळाचे असे आहे, की साळुंकी, बुलबुल आणि कोकीळ त्याची फळे खातात व मोहरीहून बारीक बिया विष्ठेतून सांध्यांत पडतात. सांध्यांतला चुना ओल धरून ठेवतो, त्यात रोप रुजते आणि मुळे सांध्यांतून आत शिरतात. वरचा शेंडा छाटल्याने मुळे मरत नाहीत, उलट आतल्या आत जाड होतात आणि पुढच्या वर्षी अधिक फांद्या फुटतात. दर वर्षी छाटणे म्हणजे मनोरा हळूहळू फोडण्यासारखे आहे. स्वतःच्या घराच्या भिंतीवर बोटभर रोप दिसले, तर पावसाळ्यात सांधे ओले असताना ते मुळासकट उपटावे आणि फट चुन्यानेच भरावी. मनोऱ्यावरचे झाड जुने असल्यामुळे ते ओढून काढण्याच्या भरीस कोणी पडू नये. विटांसकट खाली येईल. महापालिका आणि पुरातत्त्व खाते या दोघांनाही अर्ज द्यावा, कारण जागा कोणाच्या ताब्यात आहे हे अर्जानंतरच निश्चित होते.

प्रश्न : आमच्या वेशीजवळच्या एकाच रस्त्यावर किलोमीटरचा एक दगड हिरव्या माथ्याचा आणि पुढचा पिवळ्या माथ्याचा आहे. — एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी माथा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर असतो. मराठवाड्यातील अनेक राज्य महामार्गांना अलीकडच्या काळात राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला. आपल्या वेशीपाशीही तसेच झाले असावे आणि गुत्तेदाराने नवे दगड बसवताना एक जुना दगड काढायचा राहिला असावा. त्यावरील अंतर जुन्या मार्गाने मोजलेले असल्यामुळे पुढच्या दगडाशी जुळणार नाही.