भरती बंद असताना

प्रिय मुली,

तुझं जॉइनिंग कंपनीनं बेमुदत पुढं ढकललं, हे तुझ्या आईकडून कळलं. याचा अर्थ तुलाही कळतो आणि मलाही. तेव्हा त्यांच्या मेलची वाट बघत घणसोलीत बसून राहू नकोस.

मंदीत कुणी माणसं घेत नाही, हे अर्धंच खरं. नवी शाखा, नवं मशीन, नवी सेल्स टीम, अशा वाढीच्या कामांची भरती थांबते. पण अडकलेला पैसा सोडवण्याचं काम उलट वाढतं. तुझं बी.कॉम. आणि टॅली तिथंच कामाला येईल. या कामाची जाहिरात मात्र क्वचितच येते.

२००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, तेव्हा मी रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स बघत होते. आमचा बराचसा माल परदेशी जायचा. ऑर्डरी आटल्या आणि गेटवर 'भरती बंद'चा कागद लागला. तो कागद तिथं असतानाच आमच्या खात्यात एक मुलगी रुजू झाली! गिऱ्हाइकांकडे बिलं थकली होती आणि लेजर जुळवून, डेबिट नोटांचे घोळ निस्तरून, रोज फोन करून पैसे आणायला आम्हाला हात पुरत नव्हते. येणाऱ्या वसुलीपुढे तिचा पगार साहेबांना किरकोळ वाटला.

आता तर जीएसटीनं या कामाला नवी बाजू जोडली आहे. दरमहा १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी नावाचं विवरण तयार होतं; पुरवठादारांनी दाखवलेली आपली खरेदीची बिलं त्यात असतात. पुरवठादारानं आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नसेल, तर ते त्यात येत नाही आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घेता येत नाही. लाखाच्या मालावर १८ टक्के म्हणजे १८ हजार रुपये अडकले. ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, द्यायचं २० तारखेपर्यंत. मधल्या दिवसांत कुणीतरी खरेदी रजिस्टर आणि २बी शेजारी-शेजारी ठेवून न जुळणारी बिलं काढायची, कुठं जीएसटी नंबर चुकलाय, कुठं बिलाची तारीख, ते बघायचं आणि पुरवठादाराच्या मागं लागायचं. पावण्याच्या एखाद्या गाळ्यात मालक स्वतःच मशीनवर उभा असतो; हे करायला त्याला वेळ कुठला? ही जुळवणी एक्सेलमध्ये तू हातानं करून बघ. कुणा ओळखीच्या दुकानदाराचा एका महिन्याचा डेटा मागून घे. सर्टिफिकेट कोर्सवर आत्ता पैसे घालू नकोस.

आणखी एक नियम नीट वाचून ठेव. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ती मुदत उलटून वर्षअखेरीस रक्कम थकीतच राहिली, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. माल विकणारा नुसता व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही, उत्पादक असेल तर लागतो. म्हणजे वसुलीसाठी फोन करणाऱ्याच्या हातात आता नुसती विनवणी नाही. मुलाखतीत हे दोन वाक्यांत सांगता आलं, तर समोरचा खुर्चीत सरसावून बसेल.

ऐरोलीच्या काचेच्या इमारतींमध्ये सध्या फार खेटे घालू नकोस. महापे, तुर्भे, वागळे इस्टेट इथले छोटे कारखाने बघ. वाशीच्या मार्केटातले धान्य-मसाल्याचे व्यापारी आहेत (मंदी असली तरी लोक डाळ-तांदूळ खातातच), नौपाड्यातली सीएंची ऑफिसं आहेत. सीएंकडे जुलै ते सप्टेंबर रिटर्न आणि ऑडिटची झुंबड असते, तेव्हा ते तात्पुरती माणसंही घेतात. फोन कधी करायचा, हेही ठरवून घे. ११ (विक्रीचं रिटर्न) आणि २० (३बी) तारखेच्या आसपास अकाउंट्सवाला कुणाशी धड बोलत नाही. २१ ते २५ बरे दिवस. एचआरला नाही, थेट अकाउंट्सच्या माणसाला विचार.

बायोडेटात 'मेहनती, टीम प्लेअर' असलं काही नको. वर एकच ओळ लिही: टॅली, २बी जुळवणी, थकबाकीचा पाठपुरावा. कंपनी मोठी नसली तरी चालेल, पण काम मोघम नको.

पगाराबद्दल तू आईजवळ कुरकुरलीस म्हणे. पहिल्या वर्षी दोन-तीन हजार कमी मिळाले तर मी अडून बसणार नाही. पीएफ नसेल तर मात्र विचारात पडेन. ठेकेदाराच्या पेरोलवर घेत असतील, तर पत्रावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाच. पहिल्या पगारानंतर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, माग आणि पीएफ पासबुकात रक्कम पडते का ते उमंग अ‍ॅपवर बघ. पगारातून कापून न भरणारे महाभाग असतात. आणि नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्याचा फोन तिथंच ठेव. कुठं गेलेच पैसे, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळव.

या आठवड्यात तुझी एक्सेलची फाइल मला पाठव. सूत्रं तशीच ठेवून पाठव, नुसती उत्तरं नकोत. ती बघितल्यावर वाशीच्या एका मसाला व्यापाऱ्याशी बोलेन. त्यांचा जुना मुनीम निवृत्त होतोय.

तुझी,
काकू